सॉफ्टवेअर घेताना स्टोअरकीपरला विचारा

वाङ्मय मंडळाच्या अंकात सॉफ्टवेअरवर लेख कशाला, असं दोघातिघांनी मला विचारलंच. मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेक जण पदवी घेऊन कवी होणार नाही आहोत. कुणी बँकेत जाईल, कुणी शाळेत, कुणी रुग्णालयाच्या कचेरीत, कुणी प्रकाशन संस्थेत. तिथे पहिल्याच दिवशी समोर एक स्क्रीन येईल आणि ती आपण निवडलेली नसेल. हजेरी, पगार, खरेदी, माल, फी, तक्रारी, सगळं तिच्यातूनच जाईल. संस्थेचा सारा कारभार एका जागी आणणाऱ्या या सॉफ्टवेअरला बाजारात ‘ईआरपी’ म्हणतात. ते घेताना किंमत बघतात, कंपनीचं नाव बघतात, काय काय करता येतं त्याची लांबलचक यादी बघतात. माझं म्हणणं असं की त्याच्याही आधी, जो माणूस रोज त्यावर बसणार आहे त्याला विचारावं.

हे मत पुस्तकात वाचून झालेलं नाही. माझं आजोळ देवासचं. धार आणि देवास म्हटलं की आपल्याला पवारांची मराठी संस्थानं आठवतात, कुमार गंधर्वांचं घर आठवतं. पण संस्थेने सॉफ्टवेअर कसं निवडावं आणि कसं निवडू नये, हे शिकायलाही माळव्यातली ही दोन गावं चांगली आहेत.

आधी धारची गोष्ट. जानेवारी २००० मध्ये धार जिल्ह्यात ‘ज्ञानदूत’ नावाची योजना सुरू झाली. मोबाइल अजून चैनीची वस्तू होती, इंटरनेट म्हणजे शहरातला सायबर कॅफे. अशा वेळी आदिवासीबहुल जिल्ह्यातल्या गावांमध्ये संगणक बसवून ते जिल्ह्याच्या ठिकाणाशी टेलिफोन लाइनने जोडले गेले. सुरुवात साधारण वीस केंद्रांनी झाली. केंद्राला ‘सूचनालय’ म्हणायचे आणि ते चालवणाऱ्या गावातल्याच तरुणाला ‘सूचक’. सूचकाला सरकारी पगार नव्हता, लोक जे पाच-दहा-पंधरा रुपये शुल्क देतील त्यावरच त्याचं भागायचं. त्याच वर्षी या योजनेला स्टॉकहोम चॅलेंज हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

ज्ञानदूतमध्ये मला सगळ्यात आवडतं ते हे की तिची यादी गावकऱ्यांच्या गरजेतून बनली होती. मंडीत आज सोयाबीनचा भाव काय? खसऱ्याची नक्कल, म्हणजे आपल्याकडच्या सातबाऱ्यासारखा जमिनीचा उतारा, कसा मिळेल? जातीचा, उत्पन्नाचा दाखला हवाय. हातपंप बंद पडलाय, मास्तर शाळेत येत नाहीत, तक्रार कुठे करायची? स्क्रीनवर हिंदीत एवढ्याच गोष्टी होत्या. एका भावासाठी किंवा एका कागदासाठी दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागणाऱ्या माणसाला याची किंमत काय, हे वेगळं सांगायला नको.

मग अडलं कुठे? वीज आणि टेलिफोन लाइन यांचं रडगाणं तर होतंच. पण खरी अडचण स्क्रीनच्या मागे होती. गावकऱ्याचा अर्ज आता मिनिटात पोहोचायचा, पण पोहोचायचा कुठे? त्याच जुन्या कचेरीत, त्याच बाबूच्या टेबलावर, त्याच फायलींच्या ढिगाऱ्यात. बाबूचं काम पूर्वीसारखंच होतं. त्यात आता संगणकावरून येणाऱ्या अर्जांची भर पडली. उत्तर वेळेत आलं नाही की लोक सूचकाला बोल लावायचे, आणि बिचाऱ्या सूचकाच्या हातात काहीच नसायचं. ज्या अधिकाऱ्यांनी हौसेने योजना उभी केली त्यांच्या बदल्या झाल्या आणि पुढे तो जोर राहिला नाही. ज्ञानदूतला अपयशी म्हणणं अन्यायाचं होईल, कारण गावागावातल्या पुढच्या सेवा केंद्रांना तिने वाट दाखवली. पण स्क्रीनच्या दोन बाजूंना दोन माणसं असतात. गावकऱ्याचा विचार झाला, बाबूचा राहून गेला.

त्याच वर्षी, त्याच मध्य प्रदेशच्या सोयाबीन पट्ट्यात आयटीसी कंपनीने ‘ई-चौपाल’ सुरू केलं. तिथेही गावात संगणक होता, भाव होता, चालवणारा गावचाच शेतकरी होता. वीज आणि लाइन यांचा भरवसा नाही म्हणून कंपनीने सौर पॅनेल आणि उपग्रहाची डिश बसवली. मोठा फरक मात्र दुसराच होता. स्क्रीनवर भाव सांगणारी आणि सोयाबीन विकत घेणारी कंपनी एकच होती. शेतकऱ्याने माल आणला की वजन करून पैसे देणं तिच्याच हातात होतं. कंपनी स्वतःच्या फायद्यासाठीच हे करत होती, यात शंका नाही. पण पुढची स्क्रीन आणि मागचं काम एकत्र आखलं होतं.

आता देवास. अठराव्या शतकात तुकोजीराव आणि जिवाजीराव या दोन पवार बंधूंनी हे संस्थान उभं केलं. पुढे त्याच्या दोन पात्या झाल्या, थोरली आणि धाकटी. गाव एकच, पण राजे दोन, दरबार दोन, कारभार दोन. १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीच्या महाराजांचे खासगी सचिव म्हणून इथे राहिले होते. त्यांच्या ‘द हिल ऑफ देवी’ या १९५३ मधल्या पुस्तकात या दुहेरी कारभाराची गंमत वाचायला मिळते. १९४८ मध्ये दोन्ही पात्या मध्य भारतात विलीन झाल्या आणि तो प्रकार संपला.

संपला, असं आपण म्हणतो. पण आजच्या किती तरी कचेऱ्या म्हणजे जुनं देवासच आहे. थोरली पाती रजिस्टरची, धाकटी पाती सॉफ्टवेअरची. आधी वहीत लिहायचं, मग संगणकात भरायचं, मग त्याची प्रिंट काढून फायलीला लावायची. दोन्हीत फरक पडला की खरं कोणतं, यावर वाद. कामाचा वेळ वाचावा म्हणून लाखो रुपये घातले आणि काम दुप्पट झालं!

माझे मामा पीथमपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. पीथमपूर धार जिल्ह्यातच आहे, गाड्या आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांचं गाव. काही वर्षांपूर्वी त्यांच्याकडे नवं सॉफ्टवेअर आलं. विकणाऱ्यांनी साहेबांना वातानुकूलित खोलीत रंगीत आलेख दाखवले, साहेब खूश झाले. स्टोअरमधल्या कुणालाही त्या खोलीत बोलावलं नव्हतं. मग कळलं की पर्चेस ऑर्डरचा नंबर टाकल्याशिवाय सॉफ्टवेअर माल आत घेतच नाही. कागदावर नियम अगदी बरोबर. पण ट्रक रात्री दोनला येतो, ड्रायव्हरला चलानवर सही हवी असते, आणि घाईत फोनवर दिलेल्या ऑर्डरचा नंबर सकाळी दहाशिवाय तयार होत नाही. मग मामांनी काय करावं? त्यांनी एक कच्ची वही केली. रात्री वहीत, सकाळी संगणकात. मधल्या आठ तासांत माल रॅकवर असतो आणि स्क्रीनवर नसतो. मी विचारलं तर म्हणाले, “अगं, सॉफ्टवेअर चांगलंच आहे. फक्त ते दुसऱ्याच कुठल्या कारखान्यासाठी बनवलेलं आहे. आम्ही आपले दोन्हीकडे लिहून राहिलो!”

मामांना आधी एक तास विचारलं असतं तर ही वही लागली नसती. एक तर सॉफ्टवेअरमध्ये रात्रीच्या मालासाठी सोय करून घेता आली असती, नाही तर फोनवर ऑर्डर देण्याची साहेबांची सवय मोडता आली असती. यातलं काय करायचं हा खरा व्यवस्थापनाचा प्रश्न, आणि तो पैसे मोजण्याआधी सोडवायचा असतो. हे मोठमोठ्यांनाही जमत नाही. जर्मनीच्या लिडल या दुकानांच्या साखळीने सॅपवर आधारलेला प्रकल्प सात वर्षांनी, २०१८ मध्ये, गुंडाळून ठेवला. बातम्यांनुसार सुमारे ५० कोटी युरो खर्च झाले होते. एक कारण असं सांगितलं गेलं की लिडल मालाचा हिशेब खरेदीच्या किमतीने ठेवायची आणि ते सॉफ्टवेअर मुळात विक्रीच्या किमतीने. ना कंपनीने सवय बदलली, ना सॉफ्टवेअर सुखाने बदललं.

मला विचाराल तर पगार, कर, जमाखर्च अशा सगळीकडे सारख्याच असणाऱ्या कामांत आपण आपली सवय बदलावी. उगीच ‘आमच्याकडे असंच असतं’ म्हणून हट्ट धरू नये. पण ज्या कामावर संस्था उभी आहे ते सॉफ्टवेअरच्या मापाने कापू नये. आणि एकदा ठरलं की दुसरी पाती बंद करावी. कर्नाटकात ‘भूमी’ योजनेत जमिनीच्या जवळपास दोन कोटी नोंदी संगणकात आल्या, तेव्हा हाताने लिहिलेले उतारे चालणार नाहीत असं सरकारने जाहीरच केलं. तिथे दोन दरबार राहिले नाहीत.

आणखी एक प्रश्न आहे, आणि तो मात्र आपल्या मंडळाच्या अगदी घरातला आहे. आज स्क्रीनवर बसणाऱ्याला विचारायचं, तसं वीस वर्षांनी बसणाऱ्याचं काय? मराठी राज्याचा कारभार मोडीत चालायचा. लिहायला भरभर, हात उचलावा लागत नाही, त्या काळाला अगदी सोयीची लिपी. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत आणि ते वाचणारे मोजके. कागद शाबूत आहे, अक्षर शाबूत आहे, वाचणारा नाही. हसू नका, आपणही तेच केलंय. युनिकोड रुळण्याआधीचा मराठी-हिंदी मजकूर ज्या फाँटमध्ये टाइप झाला, तो फाँट संगणकात नसेल तर त्या फाइलमध्ये इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. मध्य प्रदेशच्या कचेऱ्यांत कृतिदेव, आपल्याकडे श्रीलिपी. जुन्या अंकांच्या फाइली उघडून पाहा म्हणजे कळेल.

म्हणून विकणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारावं: आम्ही उद्या तुम्हाला सोडून गेलो तर आमचा सगळा डेटा, मराठीसकट, कुठल्याही दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल अशा रूपात परत मिळेल का? उत्तर गुळमुळीत आलं तर उठून यावं. इथे ग्रंथालयांचं उदाहरण बघण्यासारखं आहे. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआच्या ग्रंथालयाचं जुनं सॉफ्टवेअर २००० साल उजाडताच बिघडणार होतं. त्यांनी नवं विकत घेण्याऐवजी बनवून घेतलं आणि ते सर्वांसाठी खुलं केलं. तेच ‘कोहा’. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. जानेवारी २००० मध्ये, धारमध्ये ज्ञानदूत सुरू होत होतं त्याच महिन्यात, ते वापरात आलं आणि आज भारतातली कितीतरी ग्रंथालयं त्यावर चालतात. खुलं सॉफ्टवेअर फुकट पडतं असं नाही, ते सांभाळायला माणूस लागतो. पण दाराची किल्ली आपल्याकडे राहते.

यावर नेहमीचा आक्षेप असा की सगळ्यांना विचारत बसलो तर निर्णय कधी व्हायचा? कर्मचाऱ्यांना जुनंच हवं असतं, त्यांना बदल नकोच असतो. यात थोडं तथ्य आहे. निर्णय वरच्यांनीच घ्यावा, जबाबदारीही त्यांचीच. पण विचारणं म्हणजे मतदान नव्हे. मामांना नवं नको होतं असं नाही, त्यांना रात्री दोनच्या ट्रकचं उत्तर हवं होतं. ते त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊकच नव्हतं.

आणि न विचारण्याची किंमत नुसती पैशात मोजता येत नाही. ब्रिटनच्या पोस्ट खात्यात १९९९ पासून ‘होरायझन’ नावाचं सॉफ्टवेअर आलं. ते छोट्या पोस्टांच्या हिशेबात खोटी तूट दाखवायचं. पोस्ट चालवणारी माणसं सांगत राहिली की आम्ही पैसे घेतले नाहीत, हिशेबात काही तरी चुकतंय. वरच्यांनी माणसांवर नाही, स्क्रीनवर विश्वास ठेवला. नऊशेहून अधिक लोक दोषी ठरले, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. २०२४ मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. गेलेली वर्षं कुठला कायदा परत देणार?

आपल्यातले काही जण पुढे मागे खुर्चीवर बसतील, खरेदीच्या कागदावर सही करतील. तेव्हा एवढं करा. विकणाऱ्याला वातानुकूलित खोलीत बोलावू नका, स्टोअरमध्ये न्या, फी भरायच्या खिडकीपाशी न्या. तिथल्या माणसाच्या कालच्या दिवसातली दहा खरी कामं, त्यातली दोन अडलेली, त्याच्याच हाताने त्या स्क्रीनवर करून बघायला सांगा. दहाही झाली तर मग किमतीचं बोला.