टोळ्यांची नोंद इथल्या आरोग्य केंद्रात व्हावी

गाळप हंगाम सुरू झाला की आमच्या पन्हाळा तालुक्यात दरवर्षी एक तक्रार ऐकू येते. ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, दवाखान्यात गर्दी झाली, आता गावच्या माणसाला गोळ्या उरत नाहीत. आधी गावकऱ्यांना तपासा, मग बाहेरच्यांना. मी ऊस उत्पादक आहे. माझा ऊस याच टोळ्या तोडतात, म्हणून याला जाहीर उत्तर देणं मला भाग आहे.

वारणानगर, आसुर्ले-पोर्ले इथल्या कारखान्यांचे बॉयलर पेटले की बीडकडून नवरा-बायकोचा एकेक कोयता मुकादमाची आगाऊ उचल घेऊन इकडं येतो आणि हंगामाचा पट्टा पडेपर्यंत गावाबाहेर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहतो. गेल्या हंगामात माझ्या फडात एक बाई अंगात ताप असताना मोळ्या बांधत होती. दवाखान्यात जा म्हटलं, तर म्हणाली, "खाडा पडंल, दादा." एक दिवस कोयता थांबला की पाचशे-हजार रुपये उचलीच्या हिशेबात चढतात. फड सुटून ती मोकळी होईस्तोवर ओपीडी बंद झालेली असते. तिचं लेकरू गाडीखाली झोळीत होतं. त्याच्या लसीचं कार्ड गावाकडं राहिलेलं, आणि इथल्या आशाताईंच्या यादीत ती कोपीच नाही.

यात आशाताईंचा दोष नाही. डोंगरी भागात वीस हजार आणि सपाटीला तीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, साधारण हजार माणसांमागे एक आशा, असं आपलं गणित आहे. ते कायम राहणाऱ्यांवर बसवलेलं आहे. टोळीतली माणसं कागदावर बीडला आणि अंगानं इथं. म्हणजे औषध कमी पडतं ही गावकऱ्यांची तक्रार खोटी नाही. पण ती बाहेरच्यांनी औषध खाल्लं म्हणून नव्हे, कोणी त्यांना मोजलंच नाही म्हणून.

टोळीवाले एंट्री, खुशाली असे जादा पैसे घेतात, हा आपला राग मला ठाऊक आहे. मीही ते पैसे मोजतो. तो हिशेब मुकादमाशी आणि कारखान्याशी भांडून मिटवावा. आजारी बाईच्या केसपेपरवर त्याची वसुली करता येत नाही.

उपचार वेळेवर न मिळाल्याचा शेवट कुठं होतो, हे महाराष्ट्रानं पाहिलं आहे. २०१९ साली ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी नेमलेल्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या वेळी बीड जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळीच्या दुखण्यानं खाडा पडू नये, ही त्यामागची एक धास्ती होती. आपल्या साखरेच्या हिशेबात हे कुठंच धरलेलं नाही.

तातडीचे उपचार देणं सरकारी रुग्णालयांना नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ सालीच सांगितलं आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. पण हा हक्क दारापर्यंत पोचलेल्याचा. फडातून दारापर्यंत पोचवायचं कोणी, ते कुठंच लिहिलेलं नाही.

आपल्याच पन्हाळा-शाहूवाडीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत राबली. परळच्या केईएम रुग्णालयात त्यांना औषध मिळालं, तेव्हा आधी मुंबईकर मग कोल्हापूरकर अशी रांग कोणी लावली असती तर आपल्याला चाललं असतं का? आणि दुसऱ्या महायुद्धात याच जिल्ह्यात वळिवडे इथं सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. १९४३ ते १९४८ या काळात त्यांच्या छावणीत शाळा होत्या, चर्च होतं, इस्पितळ होतं. त्याचा खर्च सुरुवातीला पोलंडच्या लंडनमधल्या सरकारनं उचलला, हे खरं. म्हणजे पैसा बाहेरून येत असेल तर सोय उभी करायला कोल्हापूरला अडचण नव्हती.

पैशाची वाट आजही आहे. ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे दहा रुपये घ्यायचे, असं ठरलेलं आहे. त्यातला वाटा जिथं ऊस तुटतो तिथल्या आरोग्य केंद्रांना हंगामापुरता मिळाला, तर जादा औषध आणि एक जादा नर्सबाई यांची सोय होईल. कारखान्याकडे प्रत्येक टोळीचा करार असतो, कोण कुठल्या गावात उतरलंय हे शेती विभागाला माहीत असतं. तीच यादी आरोग्य केंद्राला द्यावी. आशाताईंना त्या कोप्यांचं काम वेगळं धरून मोबदला द्यावा. आठवड्यातून दोनदा फड सुटल्यावर, दिवेलागणीला, कोप्यांजवळ तपासणी व्हावी. आजारपणाचा खाडा धरायचा नाही, ही अट कारखान्यांनी मुकादमाच्या करारात घालावी, आणि ती आपण सभासदांनी वार्षिक सभेत उभं राहून मागावी. पुढच्या हंगामाची पहिली मोळी गव्हाणीत पडण्याआधी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागानं आणि कारखान्यांनी एकत्र बसून एवढं ठरवावं, ही विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद, ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर