पोत्यातली मांजर आणि आपलं प्रतिक्रमण



परवा जालन्यात एका ओळखीच्या घरातली मांजर पोत्यात घालून कुंडलिकेपलीकडे सोडली. गुन्हा काय? गादीवर मुतली. संध्याकाळी त्याच घरात प्रतिक्रमण! मी तेव्हा गप्प बसले, म्हणून आज लिहितेय.

अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार आठवा: बांधणं, मारणं, अवयव छेदणं, अतिभार लादणं, अन्नपाणी तोडणं. आपण ते म्हणतो आणि उठून मांजरीवर झाडू उगारतो.

ती खोडी काढत नाही. मातीचं घमेलं घाण असलं किंवा जेवणाच्या वाटीजवळ असलं, की ती दुसरी जागा शोधते. रोज साफ करा, शांत कोपऱ्यात ठेवा. बोका सारखा जोर करतो पण लघवी होत नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. सोफा ओरबाडते? खांबाला सुतळी गुंडाळून द्या. मागाहून दिलेला मार कशासाठी, हे तिला कळत नाही. फक्त आपली भीती बसते.

“पण ती उंदीर मारते!” निसर्गानंच ती मांसाहारी आहे. नुसत्या दूध-पोळीतून पुरेसं टॉरिन मिळत नाही. डोळे, हृदय बिघडतं. हे पटत नसेल तर पाळूच नका. पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ आहेच. पण पाळून टाकून देणं हा धर्म नव्हे, आणि १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं तो गुन्हाही आहे.

यंदा पहिलं मिच्छामि दुक्कडं तिला म्हणा.