तळ्यातील गाळाची साक्ष

माणसाने पृथ्वीचे रूप इतके पालटले आहे की, चालू भूशास्त्रीय कालखंड संपून 'मानवयुग' सुरू झाले असे मानावे, हा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय संघटनेच्या संबंधित उपसमितीने मार्च २०२४ मध्ये १२ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला. मातृसंस्थेनेही त्यावर शिक्कामोर्तब केले. तथापि, ज्या पुराव्यावर प्रस्ताव उभा होता, तो मतदानाने खोटा ठरत नाही, हे विसरता कामा नये.

हा पुरावा कॅनडातील क्रॉफर्ड तळ्याच्या तळाशी आहे. तळे लहान, अडीच हेक्टरांच्या आतले. खोली मात्र सुमारे २४ मीटर. वरचे पाणी तळाच्या पाण्यात मिसळत नाही, त्यामुळे गाळ ढवळला जात नाही. उन्हाळ्यात चुन्याचा पांढुरका थर बसतो, पुढे त्यावर सेंद्रिय द्रव्याचा काळसर थर. थरांची एक जोडी म्हणजे एक वर्ष.

सर्वच तळ्यांना अशी वर्षवार नोंदवही लाभत नाही. तेथे किरणोत्सर्गी समस्थानिकांचा आधार घ्यावा लागतो. हवेतून गाळात सतत उतरणाऱ्या शिसे-२१० ची मात्रा दर सुमारे २२ वर्षांनी निम्मी होते. ते किती उरले, यावरून गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब मांडता येतो. त्याचा ताळा सीझियम-१३७ वरून पाहता येतो. वातावरणातील अणुचाचण्यांमुळे ते जगभर पसरले आणि १९६३ च्या सुमारास त्याने शिखर गाठले. त्याच वर्षी अमेरिका, सोव्हिएत युनियन व ब्रिटन यांनी अशा चाचण्या थांबविण्याचा करार केला. पुढील थरांत त्याचा उतार दिसतो. क्रॉफर्डच्या गाळात प्लुटोनियमची वाढही १९५० च्या सुमारासच सुरू होते.

विरोधकांचे म्हणणे असे की, माणसाचा हस्तक्षेप १९५० साली सुरू झाला नाही. शेती हजारो वर्षांची आहे. हा आक्षेप निराधार नव्हे. किंबहुना याच तळ्याच्या खालच्या थरांत मक्याचे परागकण सापडले आणि त्यावरून शेकडो वर्षांपूर्वी जवळच नांदलेल्या इरोक्वॉय भाषाकुळातील लोकांच्या गावाचा शोध लागला. परंतु मक्याचे पराग काठच्या शेतीची कथा सांगतात, प्लुटोनियम हजारो मैलांवरील स्फोटांची. पहिल्या प्रकारात कर्ता आणि भोक्ता एकाच काठावर होते. कॅनडाने मात्र स्वतः एकही अणुस्फोट केलेला नाही, तरी त्याच्या तळ्यात ती धूळ उतरली. खरा फरक येथे आहे; युगाच्या नावात नाही.

म्हणूनच या पद्धतीचे महत्त्व वादापुरते नाही. आपल्याकडे नैनितालच्या तळ्यातील गाळ साठण्याचा वेग याच समस्थानिकांच्या साहाय्याने मोजला गेला आहे. जेथे जुन्या मोजणीचे कागद नाहीत, तेथे 'हे पूर्वापार असेच आहे' ही सबब सहज खपते. तळे केव्हापासून भरू लागले, विषारी धातू कोणत्या दशकात आले, हे गाळ सांगू शकतो. तलाव-संवर्धनाच्या योजनांत गाळ उपसण्यापूर्वी त्याची ही साक्ष नोंदवून घेणे बंधनकारक असले पाहिजे. एकदा उपसलेला पुरावा पुन्हा मिळत नाही.