नुस्खा जुना, कॅप्सूल नवी

आपल्यातील काही व्यापारी बंधू वालीव-सातिवली भागात गाळा घेऊन युनानी दवा बनविण्याची भाषा करतात. स्वागतच आहे. साखरेच्या किवामातली माजून मधुमेही घेऊ शकत नाही आणि तरुणांना तिचा डबा सांभाळण्याचा कंटाळा येतो. गिऱ्हाईक त्यामुळेच तुटते आहे. परंतु तोच नुस्खा दळून कॅप्सूलमध्ये भरला की दवा आधुनिक झाली, हे मला पटत नाही. थानाची घडी बदलली, कापड तेच!

रंगारी बांधव जाणतात, मंजिष्ठेचा रंग तुरटीशिवाय सुती कापडावर पक्का बसत नाही. हळदीचे पोटात तसेच होते. तिच्यातील करक्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, रक्तात फार थोडे पोहोचते. 1998 साली बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी त्याबरोबर मिरीतील पायपरीन दिले, तेव्हा माणसांच्या रक्तात ते सुमारे 20 पट पोहोचले. इटलीच्या इंडेना कंपनीने वनस्पतींचे अर्क लेसिथिनशी जोडून हेच साधले. जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेच्या संशोधनावर कॅडिला फार्माने 2009 मध्ये क्षयरोगाची रिसोरीन ही कॅप्सूल काढली. पायपरीनमुळे तिच्यात रिफाम्पिसिन 450 ऐवजी 200 मिलिग्रॅम पुरते.

माजून फलासफामध्ये काळी मिरी आणि पिंपळी दोन्ही आहेत. म्हणून हकिमांना हे सारे आधीच ठाऊक होते, असा डंका मात्र पिटू नये. पायपरीन फिट्सच्या फेनिटॉइनसारख्या दवांचेही रक्तातील प्रमाण वाढवते. डबीवर तशी सूचना नसेल तर गिऱ्हाइकाच्या जिवाशी खेळ होईल.

आता कवचाचा प्रश्न. साधी कॅप्सूल जिलेटिनची, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याची. जनावर कोणते, कसे कापले, हे कोण सांगणार? सेल्युलोजचे कवच लाकडाच्या लगद्यापासून किंवा सरकीवरच्या बारीक तंतूंपासून बनते. थोडे महाग पडते, पण हलालचा प्रश्न मिटतो. कॅप्सूलची कवचे बनविणारा एसीजीचा मोठा कारखाना आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणूला आहे. दुरून माल आणायला नको.

युनानी दवेच्या कारखान्याला 2000 सालापासून शेड्यूल टी लागू आहे. जागा, पाणी, तपासणी, नोंदवह्या सर्व त्यात आले. गाळ्याच्या भाड्याबरोबर हा खर्चही आधी मांडावा. वर्सोव्याच्या अंजुमन-ए-इस्लामच्या तिब्बिया कॉलेजातला एक हकीम आणि माटुंग्याच्या केमिकल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटमधला एक फार्मसीचा जाणकार, या दोघांना एका टेबलाशी बसवावे. मशीनची ऑर्डर त्यानंतर द्यावी.