पवित्रचं गाव कुठं गेलं?



मागच्या आठवड्यात वाचनाच्या तासाला पाचवीतल्या एका पोरानं विचारलं, "सर, पवित्र प्रभाकर मुंबईचा हाय का खेड्यातला?"

पवित्र म्हणजे भारतीय स्पायडर-मॅन. २०२३ साली 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा चित्रपट आला. तो मराठीतही डब झाला होता, पण पोरांनी हिंदीतून पाहिला, कारण हिंदीत पवित्रला शुभमन गिलचा आवाज आहे! मी उत्तर दिलं, "दोन्हीकडचा." घरी आल्यावर मलाच ते पटेना, म्हणून हा लेख.

पवित्र पहिल्यांदा आला तो २००४ साली, शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांच्या चार अंकी कॉमिक्समधून. तो गावाकडचा, बेताच्या परिस्थितीतला मुलगा. भीमकाका आणि मायाकाकूंकडे राहतो, शिष्यवृत्तीवर मुंबईतल्या मोठ्या शाळेत शिकतो. अभ्यासू आहे आणि गावंढळ आहे, म्हणून वर्गातली पोरं त्याला चिडवतात, मारतात. असाच मार चुकवत पळताना त्याला एक योगी भेटतो आणि कोळ्याची शक्ती देतो. चित्रपटातला पवित्र मात्र मुंबई आणि मॅनहॅटन मिळून केलेल्या 'मुंबॅटन' शहरात मजेत झोके घेतो. केस झकास, सगळं त्याला सोपं जातं. त्याच्या गावाचा विषयच निघत नाही.

कॉमिक्सवाले अशा बदलाला 'रेटकॉन' म्हणतात. म्हणजे गोष्ट आधीच छापून गेलेली असते आणि नंतरचा लेखक मागं जाऊन तिचा भूतकाळ बदलतो. काटेकोर बोलायचं तर चित्रपट ही वेगळी आवृत्ती, पण पोरांच्या डोक्यात जो पवित्र राहणार तो हाच, त्यामुळं परिणाम तोच.

भूतकाळ बदलणं वाईटच, असं मी म्हणणार नाही. कॅप्टन अमेरिकाचा जोडीदार बकी महायुद्धात मेला, असं १९६४ च्या अंकात सांगितलं होतं. २००५ मध्ये एड ब्रुबेकर या लेखकानं दाखवलं की तो मेला नव्हता, रशियन लोकांनी त्याची आठवण पुसून त्याला मारेकरी बनवलं होतं. आता जुने अंक काढून वाचा. कॅप्टनचं दुःख खोटं ठरत नाही, उलट जास्त टोचतं. आपल्या कर्णाचंही तसंच. तो कुंतीचा मुलगा आहे हे कळल्यावर राधेनं केलेलं संगोपन पुसलं जात नाही. तो राधेयच राहतो, म्हणून तर आपल्याला रडू येतं.

उलटं उदाहरण पीटर पार्करचं. त्याचं लग्न १९८७ साली छापलं गेलं. वीस वर्षांनी, मे काकूचा जीव वाचवण्यासाठी त्यानं मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा केला आणि ते लग्न जगाच्या आठवणीतूनच गेलं. संपादकांना पीटर पुन्हा सडाफटिंग हवा होता, एवढंच! वाचकांनी वीस वर्षं जीव लावला त्याचं काय?

राज कॉमिक्सचा नागराज मी लहानपणी भाड्यानं आणून वाचलेला. १९८६ च्या पहिल्या अंकात तो अतिरेक्यांना भाड्यानं देण्यासाठी प्रोफेसर नागमणीनं तयार केलेलं शस्त्र होता, आणि तिथून तो चांगल्या बाजूला आला. पुढं कळलं की तो जन्मानं राजपुत्र. मला तेव्हा लई भारी वाटलं होतं. आता वाटतं, शस्त्राचा माणूस झाला यातच खरी मजा होती, राजवाडा कशाला पाहिजे होता?

पवित्रच्या बाबतीत मला हेच खुपतं. आमच्या जिल्ह्यातली पोरं पुण्या-मुंबईला शिकायला जातात आणि पहिल्या महिन्यातच बोली बदलतात. मी स्वतः बदलली होती. डी.एड.ला असताना खोलीतली पोरं माझ्या "मी जेवायलो"ला हसायची, मग मी "मी जेवतोय" म्हणायला शिकलो. सुट्टीत घरी आलो तर आई म्हणाली, "असं काय बोलायलास रे?" गाव लपवण्याची सवय लागायला फार दिवस लागत नाहीत. अशा पोराला शक्ती मिळते आणि तरी तो गावाकडचाच राहतो, ही गोष्ट माझ्या वर्गाला हवी आहे. झकास केसांचे हिरो त्यांनी भरपूर बघितलेत.

म्हणून दुसऱ्या दिवशी जुना पवित्र त्यांना तोंडी सांगितला आणि म्हटलं, आता त्याच्या गावाबद्दल लिहा. एका मुलीनं लिहिलं की पवित्रची आजी गावाकडून एसटीच्या कंडक्टरजवळ ज्वारीचं पीठ आणि शेंगाची चटणी पाठवते, आणि पवित्र भिंतीवर न चढता स्टँडवर रांगेत उभा राहून डबा घेतो.

वही देताना ती म्हणाली, "सर, आजी पुस्तकात नाही. चालंल का?"

मी म्हटलं, "चालंल. चटणी सांडू देऊ नको."