आजोबांचा स्पीकर 'अपग्रेड' करणे म्हणजे तटाला सिमेंट फासणे

१/१२
कर्नाळ्याच्या तटाला उद्या कोणी सिमेंट फासले, तर पनवेलचा तरुण इतिहासप्रेमी त्याच संध्याकाळी निषेध नोंदवील. आजोबांच्या स्पीकरची पेटी पोखरून तीत ब्लूटूथचे सर्किट बसवले, की मात्र तोच तरुण 'अपग्रेड' म्हणून दाद देतो. ही विसंगती निरुपद्रवी नाही. तिच्यापायी विसाव्या शतकाचा एक पुरावा घरोघरी नष्ट होत आहे.

२/१२
प्रथम इतिहास. १९२५ साली अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी आपल्या स्पीकरवरील निबंध प्रसिद्ध केला. चुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे आणि त्याला जोडलेला कागदी शंकू. विजेच्या चढउताराबरोबर वेटोळे पुढेमागे सरकते, शंकू हवा ढकलतो. शंभर वर्षे लोटली, तरी बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर बोलतात.

३/१२
मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पुढे ठाण्यात मर्फीचे रेडिओ तयार होऊ लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती आली. त्या काळच्या ध्वनिमुद्रिका आज जपल्या जातात. परंतु त्या पिढीच्या कानी नेमके काय पडले, याचा अर्धा पुरावा तबकडीत असेल, तर उरलेला अर्धा त्या कागदी शंकूत आहे.

४/१२
स्पीकरची पाठ वाचता येते. जुने चुंबक बहुधा अल्निकोचे, म्हणजे लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेले. १९७८ साली झैरेच्या शाबा प्रांतात बंडखोर घुसले, कोबाल्टचे भाव भडकले आणि अनेक उत्पादक फेराइटकडे वळले. आफ्रिकेतील एका युद्धाची खूण माळ्यावरच्या पेटीत सापडू शकते. ती पाहण्याआधीच पेटी रिकामी केली जाते.

५/१२
पनवेलची हवा या यंत्रांची वैरीण आहे. चार महिन्यांचा पाऊस, बाकी वर्षभर खाडीवरून येणारा दमटपणा. १९७० आणि ८० च्या दशकांत शंकूच्या कडेला फोमची कडी बसवण्याची पद्धत रूढ झाली. हवेतील बाष्पाने त्या फोमचे रासायनिक बंध तुटतात आणि बोट लावताच त्याचा चिकट भुगा होतो. याउलट, त्याहून जुन्या स्पीकरची पन्हळी कागदाची किंवा कापडाची कडा अनेकदा शाबूत आढळते. 'नवे ते टिकाऊ' हा समज इथेच कोसळतो.

६/१२
मग मूळ वस्तूला हातच लावू नये काय? असे म्हणणारा एक कर्मठ पंथ आहे, आणि तोही चुकतो. कोकणात पावसाळ्यापूर्वी घर शाकारतात. म्हणून घर बदलले, असे कोणी म्हणत नाही. फोम ही स्पीकरची शाकारणी आहे. फाटक्या कडीने चालवलेल्या स्पीकरचे वेटोळे चुंबकाला घासून कायमचे निकामी होऊ शकते. येथे दुरुस्ती टाळणे हीच हानी होय.

७/१२
ही दुरुस्ती घरी साधते. जुना डिंक हलक्या हाताने खरवडावा, त्याच मापाची व तितकीच लवचीक कडी चिकटवावी. शंकू सर्व बाजूंनी समान दाबून वेटोळे घासत नाही ना, याची कानाने खात्री करावी आणि मगच गोंद सुकू द्यावा. क्रॉसओव्हरमधील इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर काळाच्या ओघात आपले मूल्य सोडतात. ते त्याच मूल्याचे घालावेत. त्यांच्या जागी फिल्म कॅपॅसिटर घातल्यास अंतर्गत रोध घटून ट्विटर किंचित चढा वाजू शकतो. तेव्हा लहानसा रोधक जोडून तोल राखावा.

८/१२
आता 'अपग्रेड'चा दावा तपासावा. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी दाखवून दिले, की स्पीकर आणि त्याची पेटी मिळून एकच यंत्र होते. पेटीचे आकारमान त्या विशिष्ट शंकूच्या जडपणाशी आणि लवचीकतेशी जुळवलेले असते. जुन्या पेटीत हाती लागेल तो नवा वूफर कोंबला, की खर्ज एकतर घुमतो किंवा हरवतो. इतिहास तर जातोच, आवाजही सुधारत नाही.

९/१२
१९३० च्या दशकातील अनेक रेडिओंत कायम चुंबकच नव्हते. विजेच्या वेटोळ्याने चुंबकत्व निर्माण होई. तेच वेटोळे रेडिओच्या वीजपुरवठ्यातील खरखर गाळण्याचेही काम करी. असा स्पीकर काढून नवा लावणारा दुरुस्तीच्या नावाखाली अख्खी रचना मोडतो. शिवाय या संचांत शेकडो व्होल्ट असतात. नवशिक्याने ते उघडूच नयेत.

१०/१२
आक्षेप येईल: किल्ला राष्ट्राचा, स्पीकर ज्याचा त्याचा. कायद्याने हे खरे आहे. परंतु वाड्यावाड्यांतील मोडी दप्तरेही खासगीच होती. ती रद्दीत आणि वाळवीच्या तोंडी जात असताना वि. का. राजवाडे दारोदार हिंडले, म्हणून १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापून निघाली. मालकी खासगी असल्याने पुराव्याचे मोल घटत नाही.

११/१२
नियम नवा शोधावा लागत नाही. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूंच्या जीर्णोद्धारासाठी सांगितले, की जेथे तर्क सुरू होतो तेथे हात थांबावा. स्पीकरला हेच लागू आहे. झिजणारा भाग बदलावा, आवाज घडवणारा भाग राखावा. काढलेले सुटे भाग पाकिटात जपावेत. काय, केव्हा बदलले, याची चिठ्ठी पेटीच्या आत चिकटवावी. ब्लूटूथ हवेच असेल, तर त्याचा रिसीव्हर बाहेरून ॲम्प्लिफायरला जोडावा. त्यासाठी लाकडाला एकही भोक पाडावे लागत नाही.

१२/१२
पनवेलला नगरपालिका १८५२ साली मिळाली, महानगरपालिका २०१६ साली. जुने वाडे उतरत आहेत, त्यांच्या जागी इमारती चढत आहेत, आणि सामान हलवताना माळ्यावरील पेटी भंगाराच्या हातगाडीवर जाते किंवा हौशी कारागिराच्या करवतीखाली. गडावरील प्रत्येक दगडाची नोंद मागणाऱ्या पिढीने निदान घरातील त्या पेटीच्या पाठीवरचा शिक्का एकदा वाचावा. पेचकस त्यानंतर उचलावा.