पडदा घ्यावा अक्षर पाहून

काटकसर आणि कंजूषपणा हे शब्द आपल्याकडे पुष्कळदा एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. कंजूष मनुष्य केवळ किंमत पाहतो. काटकसरी मनुष्य किंमत आणि उपयोग यांचा मेळ घालतो. घरच्या संगणकाचा मॉनिटर बंद पडला आणि त्याच्या जागी दुसरा घ्यावयाची वेळ आली, म्हणजे हे अंतर फार स्पष्टपणे प्रत्ययास येते. विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या घरात महिन्याचा खर्च वहीत मांडून करावा लागतो, त्या घरात सहासात हजार रुपयांची खरेदी ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. शिवाय त्या पडद्यापुढे बसणारे डोळे आपल्या मुलांचे असतात. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार आमच्या बंधुभगिनींपुढे व पालकवर्गापुढे मांडावा, असे आम्हांस वाटते.

सन २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतील अनेक मध्यम स्थितीच्या घरांतही संगणक ही अभ्यासाची गरज होऊन बसली. कोणी नवा घेतला, कोणी नातेवाइकांचा जुना आणला. अशा संगणकाचा मुख्य डबा बरीच वर्षे काम देतो. पण मॉनिटर मात्र मध्येच दगा देतो. आपल्याकडे वैशाखात वळवाचा पाऊस विजांसह कोसळतो आणि त्या दिवसांत विजेचा दाब एकाएकी वरखाली झाला, की नाजूक उपकरणांवर संक्रांत येते.

तथापि पडदा काळा झाला म्हणजे मॉनिटर संपला, असे समजून लगेच बाजाराची वाट धरू नये. पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे उमटत असतील, तर मॉनिटर जिवंत आहे. दोष केबलमध्ये किंवा संगणकात शोधावयास हवा. काहीच उमटत नसेल, तर वीज पुरविणारा अॅडॉप्टर शेजारच्या घरातील तशाच अॅडॉप्टरशी ताडून पाहावा. मात्र दोहोंवरील व्होल्टचा आकडा एकच असावा व अँपिअरचा आकडा कमी नसावा. अंधाऱ्या खोलीत पडद्यावर बॅटरीचा प्रकाश तिरपा टाकला असता अंधुक चित्र दिसले, तर केवळ मागचा उजेड गेला आहे, असे ओळखावे. या तीन परीक्षांना एक पैसाही लागत नाही. त्यानंतर दुरुस्तीचा खर्च नव्या मॉनिटरच्या निम्म्याहून अधिक सांगितला गेला, तर मात्र नवा घेणेच शहाणपणाचे होय.

आता नवा घेताना कोणता घ्यावा? दुकानात विक्रेता प्रथम आकार सांगतो, मग गतीचा आकडा सांगतो, आणि शेवटी पडद्यावर समुद्राचे किंवा मोटारींच्या शर्यतीचे झगझगीत चित्र लावून दाखवितो. आमचे म्हणणे असे की, आपल्या घरात या पडद्यावर काय पाहिले जाणार, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा. सीमाभागातील मराठी घराचे उत्तर इतरांहून थोडे निराळे आहे. आपण धडे वाचतो ते मराठीत. शाळेत कन्नड शिकतो. विज्ञानाची आणि परीक्षांची पुष्कळशी माहिती इंग्रजीत मिळते. वडिलांना शेताचा उतारा पाहावयाचा असेल, तर कर्नाटक सरकारच्या ‘भूमी’ या व्यवस्थेतून तो कन्नडात निघतो. म्हणजे आपला पडदा हा मुख्यतः वाचनाचा पडदा आहे आणि त्यावर तीन लिप्या नांदावयाच्या आहेत.

इंग्रजी अक्षर एका ओळीत सुटे सुटे उभे असते. आपल्या देवनागरीची रचना मात्र तीन मजली आहे. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर, शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, आणि खाली उकार व जोडाक्षराचे पाय. कन्नडातही जोडाक्षराचा दुसरा वर्ण खाली लहान आकारात लिहितात. साहजिकच तेवढ्याच उंचीच्या ओळीत आपल्या अक्षरांना अधिक बारकावा दाखवावा लागतो. पडद्यावरील प्रत्येक अक्षर सूक्ष्म ठिपक्यांचे बनलेले असते; त्या ठिपक्यांस पिक्सेल म्हणतात. ठिपके विरळ असले, म्हणजे अनुस्वार मात्रेत मिसळतो, ‘वाङ्मय’ मधील ङ चा ठिपका दिसेनासा होतो, ‘ष्ट’ आणि ‘ष्ठ’ यांतला भेद मावळतो. मूल अडखळत वाचते आणि दोष मात्र त्याच्या आळसाला दिला जातो.

ठिपके किती दाट आहेत, हे सातवीतील मुलालाही काढता येईल. त्यास पायथागोरसचा सिद्धांत पुरतो. ज्यास फुल एचडी म्हणतात, त्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके असतात. कर्णावर ते सुमारे २२०३ भरतात. मॉनिटरचा आकारही कर्णावरच मोजतात. तेव्हा भागाकार केला की झाले. साडेएकवीस इंची पडद्यावर इंचाला सुमारे १०२ ठिपके येतात, चोवीस इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या २३.८ इंचीवर सुमारे ९३, आणि सत्तावीस इंचीवर केवळ ८२. ठिपके तेवढेच, पडदा मोठा. म्हणून प्रत्येक ठिपका ठसठशीत होतो आणि अक्षराची कड खडबडीत दिसते. उलट अगदी स्वस्त अशा साडेअठरा इंची पडद्यावर पुष्कळदा १३६६ गुणिले ७६८ एवढेच ठिपके असतात; तेथे इंचाला ८५ पडतात. घरातील बत्तीस इंची टीव्हीच जोडून घ्यावा, असा सल्लाही कोणी देतो. तशा अनेक टीव्हींवर १३६६ गुणिले ७६८ हेच प्रमाण असते. म्हणजे इंचाला जेमतेम ४९ ठिपके. दुरून चित्रपट पाहावयास तो उत्तम. जवळ बसून व्याकरण वाचावयास नव्हे.

यावरून आमचे मत असे बनले आहे की, साधारण घराला साडेएकवीस ते चोवीस इंची, फुल एचडी पडदा सर्वांत योग्य. त्यातही आयपीएस जातीचा पडदा निवडावा. कारण टीएन जातीच्या पडद्याकडे बाजूने किंवा खालून पाहिले असता रंग पालटतात, आणि आपल्या घरी एका पडद्यापुढे दोनतीन भावंडे बसलेली असतात. गतीच्या आकड्यास भुलू नये. चित्र सेकंदास साठ वेळा बदलले तरी वाचनास पुरते; १४४ किंवा त्याहून मोठे आकडे खेळांसाठी असतात. पाठीमागे आपल्या संगणकास जुळणारे छिद्र आहे की नाही, हे मात्र अवश्य पाहावे. जुन्या संगणकास पुष्कळदा पंधरा टाचण्यांचे, बहुधा निळे, व्हीजीए छिद्र असते. नव्या मॉनिटरला कधी केवळ एचडीएमआय. दोन्ही छिद्रे असलेला मॉनिटर घेतला, तर आजचा जुना संगणक आणि उद्याचा नवा, दोन्ही त्यास जोडता येतात. केवळ एकच असेल, तर मध्ये बसविण्याचा कन्व्हर्टर कोणत्या दिशेचा हवा, हे विचारून घ्यावे. व्हीजीएकडून एचडीएमआयकडे नेणारा निराळा आणि उलट दिशेचा निराळा.

याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर बनविला. आरंभी शेतकरी त्या नांगरास बिचकत होते. लोखंडाने जमीन नासेल, अशी त्यांची समजूत होती. नांगर आपल्या मातीत प्रत्यक्ष चालताना पाहिला, तेव्हाच त्यांचा संशय फिटला. हा धडा आपण घ्यावा. दुकानात जाताना मराठी पाठाचे एक पान, कन्नडाचे एक पान आणि गणिताची एक आकृती पेन ड्राइव्हमध्ये घालून न्यावी. तेच पान पडद्यावर उघडावयास सांगावे, हातभर अंतरावर बसावे आणि दहा ओळी मुलाकडूनच वाचून घ्याव्यात. समुद्राच्या चित्रावर प्रत्येक पडदा सुंदर दिसतो. आपली माती कोणती, हे आपणच दाखविले पाहिजे.

खरेदी बेळगावात करावी की कोल्हापुरात, हा आपल्याकडील नेहमीचा वाद. पूर्वी दोन राज्यांचे विक्रीकर निराळे असत, म्हणून निपाणीकर मंडळींना हिशेब करावा लागे. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला, आणि बत्तीस इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासून सीमेच्या अलीकडे व पलीकडे सारखाच १८ टक्के कर आहे. तेव्हा केवळ कर वाचेल म्हणून प्रवास करण्यात अर्थ उरलेला नाही. बिघडल्यावर मॉनिटर कोठे न्यावा लागेल, हेच पाहावे. तीन वर्षांची हमी कागदावर असली, पण दुरुस्तीचे केंद्र दूरच्या शहरी असले, तर एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज यांतच ती हमी संपते. पक्के बिल घ्यावे, त्यावर मॉनिटरचा अनुक्रमांक लिहून घ्यावा आणि पाठीवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणीखूण आहे, याची खात्री करावी.

वापरलेला मॉनिटर निम्म्या किमतीत मिळतो, त्याचे काय? तो सर्वस्वी वर्ज्य आहे, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु मागचा उजेड वर्षांगणिक मंदावत जातो, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पूर्ण पांढरे पान व पूर्ण काळे पान लावून डाग पाहावेत, अर्धा तास चालू ठेवून पाहावा, आणि फुल एचडीहून कमी ठिपक्यांचा असेल तर तो स्वस्त असूनही सोडून द्यावा.

काही पालक म्हणतील, ‘हातात मोबाइल असता मॉनिटर हवाच कशाला?’ हा प्रश्न रास्त आहे. कारण तेवढ्याच पैशांत वह्या, पुस्तके, गणवेश येतात. परंतु सहा इंची पडद्यावर भूमितीची आकृती आणि तिची सिद्धता एकाच वेळी दिसत नाही. निबंध लिहिताना मागचा परिच्छेद नजरेआड जातो. शिवाय मोबाइल हा घरातील वडील मनुष्याबरोबर कामावर जातो, आणि मूल संध्याकाळपर्यंत त्याची वाट पाहत बसते. मॉनिटर घरात राहतो, सर्वांचा असतो, आणि मूल त्यावर काय पाहते हे आईलाही दिसते. हा लाभ किमतीच्या पावतीत लिहिलेला नसतो.

शेवटी जागेविषयी दोन शब्द. पडदा डोळ्यांपासून हातभर दूर आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असावी. खिडकी पाठीशी किंवा समोर न ठेवता बाजूस ठेवावी. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी मिटतात, म्हणून डोळे कोरडे होतात. दर वीस मिनिटांनी थोडा वेळ दूरच्या झाडाकडे पाहावे. जुना मॉनिटर उकिरड्यावर टाकू नये. विशेषतः जुन्या पेटीवजा मॉनिटरच्या काचेत शिसे असते. तो अधिकृत ई-कचरा संकलकाकडेच द्यावा.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे खरेच. पण अंथरूण लहान असेल, तेव्हा ते कोठे फाटू द्यावयाचे नाही, हेही ठरवावे लागते. आकार, गती, झगमगाट यांत हवी तेवढी काटछाट करा. अक्षराच्या स्पष्टपणात करू नका. ज्या पडद्यावर आपले मूल आपली लिपी न अडखळता वाचते, तोच त्या घराला परवडणारा पडदा होय.